‘छान लिहिलंय’च्या पुढे: लेखनगटात उपयोगी अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा

ऑनलाइन लेखनगटात कथा टाकली की साधारण तीन तऱ्हेचे प्रतिसाद येतात. ‘अप्रतिम, लिहीत राहा.’ ‘काही विशेष जमली नाही.’ आणि तिसरा, सगळ्यांत लांबलचक, ज्यात वाचकाने ती कथा स्वतः लिहिली असती तर कशी लिहिली असती याचं सविस्तर वर्णन असतं. तिन्ही वाचून लेखक खर्डा उघडून बसतो आणि नेमका कुठे हात घालायचा हे त्याला कळत नाही. प्रतिसाद देणाऱ्यांच्या हेतूंत खोट नसते. त्यांनी वेळही खर्च केलेला असतो. फक्त लेखकाला हवं होतं ते त्यांपैकी कुणीच दिलेलं नसतं.

लेखकाला काय हवं असतं? स्वतःचा मजकूर पहिल्यांदा वाचण्याचा अनुभव त्याला कधीच मिळत नाही. नायिका घर सोडून का गेली हे त्याला आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे ते कागदावर उतरलंय की डोक्यातच राहिलंय, हे त्याला दिसत नाही. ते दुसऱ्यालाच दिसतं. म्हणून उपयोगी अभिप्राय म्हणजे एका वाचनाची प्रामाणिक नोंद: कुठे गुंतलो, कुठे घसरलो, कुठे चुकीचा अंदाज बांधला. पीटर एल्बो या अमेरिकन लेखन-अध्यापकाने १९७३ मध्ये शिक्षकाशिवाय चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच होता. वाचकाने निवाडा देत बसू नये, वाचताना मनात काय काय घडत गेलं ते सांगावं. पुढे जे सांगितलं आहे त्यातलं बहुतेक याच एका गोष्टीतून निघतं.

मजकूर टाकण्याआधी

अभिप्राय बिघडतो तो बऱ्याचदा मागतानाच. ‘कशी वाटली ते नक्की कळवा’ असं लिहिलं की उत्तर ‘छान वाटली’ असंच येणार, कारण प्रश्नच तसा आहे.

आधी स्वतःला विचारा: हा कितवा खर्डा आहे? पहिलाच असेल आणि शेवट अजून ठरत नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. म्हणजे कुणी तुमचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसणार नाही. उद्या स्पर्धेला पाठवायचा मजकूर असेल तर तेही लिहा. तेव्हा रचना बदलण्याचे सल्ले काही कामाचे नसतात, छपाईच्या चुका मात्र हव्या असतात. काल रात्री लिहिलेलं आज सकाळी टाकू नये, हे माझं ठाम मत आहे. ताज्या मजकुरावरची साधी शंकासुद्धा वर्मी लागते. शिवाय दोन दिवस थांबलात तर निम्म्या त्रुटी तुमच्या तुम्हालाच दिसतील आणि वाचकांची मेहनत उरलेल्या निम्म्यावर लागेल.

लांबी आटोपशीर ठेवा. पडद्यावर दीड-दोन हजार शब्दांपलीकडे बहुतेकांचं लक्ष पातळ होतं. कादंबरी असेल तर एक प्रकरण द्या आणि आधी काय घडलं ते तीन ओळींत सांगा. तिथेच थांबा. पात्रांची पार्श्वभूमी, प्रतीकांचा अर्थ, ‘मला इथे एकटेपणा दाखवायचा आहे’ असं काही आधी सांगितलंत तर वाचक तेच शोधत वाचतो आणि सापडलं म्हणतो. तो कोरा वाचक तुम्ही कायमचा गमावलात.

मग दोन-तीन प्रश्न विचारा, पण उत्तर सुचवणारे नकोत. ‘शेवट धक्कादायक झालाय ना?’ यात काही विचारलेलंच नाही. ‘शेवट कळायच्या आधी तुम्हाला काय होईल असं वाटत होतं, आणि कुठल्या ओळीपासून?’ या प्रश्नाला मात्र खोटं उत्तर देणंसुद्धा अवघड आहे. असे आणखी काही प्रश्न: वाचणं थांबवावंसं कुठे वाटलं? कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं? मोठा भाऊ तुम्हाला कसा माणूस वाटला? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. तुम्ही भाऊ कनवाळू रंगवलाय आणि चार जण म्हणाले ‘धूर्त’, तर तुम्हाला फार मोठी बातमी मिळाली.

वाचताना

आता बाजू बदलू. अभिप्राय तुम्ही देणार आहात.

पहिलं वाचन रिकाम्या हाताने करा. टिपणं नकोत, चुकांखाली रेघा नकोत. साधा वाचक म्हणून वाचा आणि वाचून झाल्यावर न बघता जेवढं आठवतं तेवढं लिहून काढा. काय लक्षात राहिलं आणि काय पुसलं गेलं, हाच अर्धा अभिप्राय झाला. दुसऱ्या वाचनात मात्र जागा शोधा: इथे माझं लक्ष उडालं, इथे कोण बोलतंय ते कळलं नाही, इथे हसू आलं.

आणि दुसऱ्यांचे प्रतिसाद तोपर्यंत वाचू नका. ऑनलाइन गटात हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. पहिल्या माणसाने ‘सुरुवात संथ आहे’ असं लिहिलं की पुढच्या पाच जणांना ती संथ वाटू लागते. लेखकाला वाटतं सहा जणांनी सांगितलं. प्रत्यक्षात सांगितलं एकानेच. गट चालवणाऱ्यांना जमत असेल तर ठरलेल्या दिवसापर्यंत सगळे अभिप्राय झाकून ठेवावेत आणि मग एकदम उघडावेत.

लिहिताना: जागा, परिणाम, कारण

एक छोटा उतारा घेऊ. असं समजा की गटात ही सुरुवात आली आहे:

‘सुमतीने कुलूप काढून दार उघडलं. तिला खूप वाईट वाटत होतं. वीस वर्षांनी ती या घरात पाऊल टाकत होती. सगळीकडे धूळ साचली होती. भिंतीवरच्या फोटोतून बाबा तिच्याकडे बघत होते. तिच्या डोळ्यांत अश्रू आले. जुन्या आठवणींनी मनात गर्दी केली. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.’

‘भावस्पर्शी सुरुवात!’ यातून लेखकाला काय मिळालं? एक बरा क्षण. ‘फारच रडकं आणि घिसंपिटं’ यातून एक वाईट क्षण. दोन्हींत माहिती सारखीच, म्हणजे शून्य. ‘तुम्ही फोटोऐवजी बाबांची काठी दाखवा आणि सुमतीला रडू देऊ नका, ती चिडलेली दाखवा’ हा तिसरा प्रकार. सल्ला कदाचित चांगलाही असेल, पण ही आता सल्ला देणाऱ्याची सुमती झाली.

आता हे बघा:

‘शेवटच्या वाक्यावर मी एकदम सावध झालो. घर कुलूपबंद होतं, मग आत कोण? पुढे वाचायचं ते या एका प्रश्नासाठी. त्याआधी मात्र माझं लक्ष थोडं सैल झालं होतं. दुसऱ्या वाक्यात तिला वाईट वाटतंय हे कळलं. सहाव्या-सातव्या वाक्यांत तेच पुन्हा सांगितलं जातंय असं वाटलं, आणि तिला नेमकं कशाचं वाईट वाटतंय हे तिन्ही ठिकाणी कळलं नाही. आणखी एक: भिंतीवर फोटो आहे म्हणून बाबा वारले असं मी धरून चाललो. खोकणारे तेच असतील तर माझा अंदाज चुकवायचा तुमचा हेतू आहे का? तसं असेल तर माझ्यापुरता तो साधला आहे.’

यात एकही दुरुस्ती सुचवलेली नाही, तरी लेखकाला कामाला लागता येईल एवढं सामान आहे. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी आल्यात: जागा कुठली, तिथे वाचकाचं काय झालं आणि कशामुळे झालं असावं. तिसरी गोष्ट अंदाजाची असते, म्हणून ती ‘असावं’च्या भाषेत सांगायची. दुसरीबद्दल मात्र तुमच्याइतकं खात्रीने कुणीच बोलू शकत नाही. ‘हा परिच्छेद कंटाळवाणा आहे’ यावर वाद घालता येतो. ‘या परिच्छेदात मी दोनदा मोबाइल बघितला’ यावर काय वाद घालणार?

स्तुतीलाही हीच शिस्त लागू होते. ‘संवाद मस्त’ म्हणण्यापेक्षा ‘आई प्रश्नाचं उत्तर न देता भांडी आवरायला लागते, तिथे मला कळलं की तिला सगळं माहीत आहे’ असं लिहा. नेमक्या स्तुतीचा खरा उपयोग दुसऱ्या खर्ड्यात होतो, कारण लेखक घाबरून चांगल्या जागाच आधी खोडतो. कुठली ओळ राखायची हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. दोन गोड वाक्यांमध्ये एक कडू दडपून देण्याची युक्ती मला स्वतःला आवडत नाही. लोक लवकरच ती ओळखतात आणि मग पहिलं गोड वाक्य वाचताच ताठ होतात.

मुद्दे किती असावेत? मोठे दोन किंवा तीन. बारा त्रुटी सापडल्या तरी ज्या दोन सुटल्या की उरलेल्यांतल्या बऱ्याच आपोआप गळून पडतील, त्या शोधा. निवेदक मध्येच बदलतोय हे सांगितलं की त्यातून येणारे गोंधळलेले ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे मोजून दाखवायची गरज उरत नाही.

जिथे बेधडक ‘चूक’ म्हणावं

‘मला असं वाटलं’ ही भाषा सगळीकडे लागत नाही. वृत्तात लिहिलेली कविता भुजंगप्रयातात असेल, तर प्रत्येक ओळीत लगागा (एक लघु, दोन गुरू) हा तीन अक्षरांचा गण चार वेळा यायला हवा. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या गणाच्या जागी गालगा आलं असेल तर ते मत नाही, मोजमाप आहे. सरळ सांगा. गझलेत काफिया (यमक) सुटला, कथेत मंगळवारी वारलेला माणूस गुरुवारी फोन उचलतो, लेखात सन चुकला, तर आढेवेढे नकोत. उलट अशा ठिकाणी फार नम्रपणे लिहिलं की लेखकाला वाटतं ही आवडीनिवडीची बाब आहे.

शुद्धलेखनाबद्दल दोन सूचना. पहिला खर्डा असेल तर हात आवरा. जो परिच्छेद उद्या जाणार आहे त्याच्या वेलांट्या आज सुधारून काय उपयोग? आणि पात्राच्या तोंडच्या बोलीला प्रमाणभाषेचे नियम लावू नका. ‘आन्लं’, ‘व्हतं’ या चुका नव्हेत. मात्र एकच पात्र एका ओळीत ‘व्हतं’ आणि पुढच्या ओळीत ‘होतं’ म्हणत असेल, तर तेवढं जरूर दाखवा.

मुक्तछंदाच्या कवितेबद्दल लिहिताना ‘अर्थ कळला नाही’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या ओळीपर्यंत बरोबर चालत होतात आणि कुठे हात सुटला, ते सांगा.

मत सांगायची परवानगी

मग वाचकाने मत द्यायचंच नाही का? द्यायचं, पण क्रमाने. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास कलाकृतीवर अभिप्राय देण्याची एक पद्धत बसवली. ती नृत्यासाठी बनली, पण लेखनाला तितकीच चपखल बसते. तिचे चार टप्पे आहेत. आधी प्रेक्षक सांगतात की त्यांना काय अर्थपूर्ण वाटलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक कलाकाराला तटस्थ प्रश्न विचारतात, म्हणजे ज्यांच्या पोटात मत दडलेलं नाही असे. शेवटी मत, तेही विचारून: ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ आणि कलाकार ‘नको’ म्हणू शकतो.

तिसरा टप्पा दिसतो त्यापेक्षा कठीण आहे. ‘शेवट इतका गुळमुळीत का केलात?’ हा प्रश्नचिन्ह लावलेला टोमणा झाला. ‘वाचकाने शेवटी कुठल्या मनःस्थितीत असावं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न. ऑनलाइन लिहिताना हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण चेहरा नसतो, आवाज नसतो. समोरासमोर हसत म्हटलेलं ‘हे काय लिहिलंयस!’ पडद्यावर थोबाडीत मारल्यासारखं वाचलं जातं. पाठवण्याआधी आपला अभिप्राय मोठ्याने वाचून बघा. टोचणारा शब्द कानाला लगेच कळतो. ‘तुम्ही’ऐवजी ‘कथा’ किंवा ‘निवेदक’ हा कर्ता ठेवला तरी बरीच धार जाते. ‘तुम्ही घाई केलीत’ आणि ‘कथा इथे घाई करते’ यांत मुद्दा एकच आहे, पण दुसऱ्यात माणूस सुटतो.

अभिप्राय घेताना: गप्प बसण्याचं कसब

१९५६ मध्ये डेमन नाइट, जुडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथा लेखकांनी अमेरिकेतल्या मिलफर्ड गावी लेखकांची कार्यशाळा सुरू केली. तिथली पद्धत आजही अनेक गट वापरतात. सगळे पाळीपाळीने बोलतात, तोवर लेखक अवाक्षर काढत नाही. शेवटी त्याला बोलायला मिळतं. यामागचं कारण साधं आहे. ‘नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं की…’ हे तुम्ही म्हणालात की पुढचा वाचक त्याच्या मनात काय झालं ते सांगायचं सोडून तुमच्या स्पष्टीकरणावर बोलू लागतो. आणि छापलेल्या पानासोबत स्पष्टीकरण द्यायला तुम्ही जाणार नसताच.

या नियमावर टीकाही झाली आहे, आणि ती मला पटते. गटातले बहुतेक वाचक एका जगातले आणि लेखक दुसऱ्या जगातला असेल, तर जे जे अनोळखी ते ते त्यांना दोष वाटतं आणि लेखकाला तोंडही उघडता येत नाही. म्हणून मधला मार्ग: अभिप्राय येत असताना समर्थन करू नका, पण प्रश्न जरूर विचारा. ‘आजी खोटं बोलतेय हे तुम्हाला कुठे कळलं?’ असं विचारायला काहीच हरकत नाही. ऑनलाइन तर हे सोपं आहे, कारण उत्तर लगेच द्यावं लागत नाही. आधी फक्त ‘वाचलंत, वेळ दिलात, आभार’ एवढं लिहा. रागाने लिहिलेला खुलासा हवा तर लिहून ठेवा, पाठवू नका.

गाळणं आणि निवडणं

दोन दिवसांनी सगळे अभिप्राय एका ठिकाणी उतरवा, पण माणसांप्रमाणे मांडू नका. मजकुरातल्या जागांप्रमाणे मांडा. पहिल्या परिच्छेदाबद्दल कोण कोण काय म्हणालं, मग दुसऱ्याबद्दल. असं केलं की परस्परविरोधी वाटणारे अभिप्राय एकाच जागेकडे बोट दाखवताना दिसतात. एक म्हणतो मधला भाग लांबलाय, दुसरी म्हणते शेवट अचानक आला. दोघांचं दुखणं एकच असू शकतं: मधल्या भागात शेवटाची तयारीच झालेली नाही, म्हणून तो रेंगाळतो आणि शेवट आभाळातून पडतो.

जागेबद्दल वाचकावर विश्वास ठेवा, उपायाबद्दल जपून. ‘इथे एक प्रेमप्रसंग घाला’ असं कुणी म्हणालं तर प्रेमप्रसंग घालू नका, पण त्याला तिथे काहीतरी कमी वाटलं हे खरं आहे. काय कमी आहे ते शोधणं तुमचं काम. तीन जण एकाच ओळीवर अडखळले तर ती ओळ बदला, ती तुमची कितीही लाडकी असो. एकच जण अडखळला तर तो कोण आहे ते बघा. ज्याला भयकथा मुळातच आवडत नाहीत त्याचं ‘अंगावर येतं’ हे तुमचं प्रशस्तिपत्रक असू शकतं. आणि काही अभिप्राय सरळ बाजूला ठेवायचे असतात. त्यासाठी त्या माणसाशी भांडायची किंवा त्याला पटवायची काहीच गरज नसते.

देवाणघेवाण आणि विश्वास

गट टिकतो तो हिशेबावर. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांसाठी अँड्र्यू बर्ट यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्रिटर्स’ या ऑनलाइन कार्यशाळेत सुरुवातीपासून तत्त्व असं की स्वतःचा मजकूर पुढे सरकायला हवा असेल तर दुसऱ्यांच्या मजकुरावर नियमित लिहायला हवं. छोट्या गटातही दोन अभिप्रायांमागे स्वतःचा एक मजकूर असं काही ठरवून घ्यावं. नव्या सदस्याने आधी दोन-तीन अभिप्राय लिहावेत, मग स्वतःचं काही टाकावं. यात न्याय आहेच, पण खरा फायदा वेगळा आहे: दुसऱ्याच्या कथेत फुकट गेलेला पहिला परिच्छेद ज्याने शोधून दाखवला, त्याला स्वतःचाही दिसू लागतो.

काही गोष्टी आधी लिखित ठरवाव्यात. गटातला मजकूर गटाबाहेर जाणार नाही, त्याचे स्क्रीनशॉट काढले जाणार नाहीत. दुसऱ्याचा खर्डा त्याला न विचारता एआय साधनात टाकायचा नाही. आणि तिथून आलेला अभिप्राय आपला म्हणून चिकटवायचा तर मुळीच नाही, कारण लेखकाने तुमच्या वाचनाची नोंद मागितली होती. शिवाय गट सर्वांना खुला आहे की बंद, हे बघून घ्या. कुणालाही वाचता येईल अशा ठिकाणी टाकलेला मजकूर अनेक नियतकालिकं आणि स्पर्धा पूर्वप्रकाशित धरतात. पुढे पाठवायची इच्छा असेल तर बंद गटात टाका, किंवा निम्माच टाका.

आत्मपर लेखनाला वेगळं वागवा. कुणी आपल्या घरातल्या मृत्यूबद्दल लिहिलं असेल तर आधी विचारा: ‘हे लेखन म्हणून वाचू, की फक्त वाचू?’ कधी कधी माणसाला फक्त कुणीतरी वाचायला हवं असतं, आणि तिथे परिच्छेदांच्या क्रमाबद्दल बोलणं अभद्र दिसतं. मजकुरातला विचारच तुम्हाला पटत नसेल, तर तेही वेगळं काढून सांगा: लेख त्याचं म्हणणं नीट पोचवतो का हा एक प्रश्न, ते म्हणणं मला मान्य आहे का हा दुसरा. दुसरा विचारला नसेल तर बहुधा गप्प राहिलेलं बरं.

दुसरा खर्डा दाखवताना

सुधारलेला मजकूर पुन्हा त्याच सगळ्यांना देऊ नका. त्यांना जुनी कथा आठवते आणि तुम्ही गाळलेलंही ते मनातल्या मनात भरून वाचतात. जुन्यांपैकी ज्याची नोंद सर्वांत नेमकी होती असा एक निवडा, आणि ज्यांनी काहीच वाचलेलं नाही असे दोन. काय बदललंय ते कुणालाही आधी सांगू नका. नव्या दोघांना तेच जुने प्रश्न विचारा. सुमतीच्या घरात खोकणारं कोण असेल असं वाटलं, हे त्यांनी लिहून पाठवलं की मग जुन्या वाचकाचं उत्तर उघडा आणि तिन्ही शेजारी ठेवा.